मंगळवारी तिला कोण उठवतं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात आणि ओळख पुसून:

मी इंदूरचा, वय ४१. रामबागेत वडिलोपार्जित घर आहे, घरात मी आणि माझी ७२ वर्षांची आई. खासगी कंपनीत नोकरी, महिन्यातले आठ-दहा दिवस दौरा असतो. दीड वर्षापूर्वी बायको मुलीला घेऊन भोपाळला गेली. तिथे तिला नोकरी लागली होती, पण खरं कारण म्हणजे आमचं पटत नव्हतं. मारहाण, दारू असलं काही नाही. मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, भोपाळच्या शाळेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती महिनाभर माझ्याकडे आली आहे. १६ जूनला शाळा उघडते. परवा म्हणाली, ‘बाबा, मी इथेच राहते.’ आईच्या डोळ्यांत पाणी आलं. नात्यातले एक वकील मामा म्हणतात, ‘पाठवूच नकोस, इथल्या शाळेत नाव घाल. एकदा मूल रुळलं की कोर्टही हलवत नाही.’ बायको आता आपसी सहमतीनं घटस्फोट घेऊ म्हणते आहे. कोर्ट मुलगी आईलाच देतं असं ऐकलंय. मग आत्ता आपल्याकडे आहे तोवर ठेवून घेतलेलीच बरी ना? घर सोडून ती गेली, मी नाही. — एक बाबा

*

नमस्कार बाबा. तुम्ही स्वतःला दिलेलं नावच वापरते.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं होतं आणि मी ते दोनदा वाचलं. घर आलंय, आई आली आहे, बायकोचा स्वभाव दीड पान आलाय, मामांचा सल्ला आलाय. मुलगी मात्र एका वाक्यापुरती आली आहे: ‘मी इथेच राहते.’ तिची मैत्रीण कोण, तिला गणित आवडतं की नाही, रात्री दिवा लावून झोपते की घालवून, काही नाही. प्रेम कमी आहे असं मला म्हणायचं नाही. पण बरीच वर्षं मी या शहरात कौटुंबिक खटल्यांची वकिली केली, आणि अशी पत्रं म्हणजे पुढच्या अर्जांचे कच्चे मसुदेच असतात, हे मला माहीत आहे. न्यायाधीशही ते असेच वाचतात, मूल कुठे आहे ते शोधत.

आधी तुम्ही ऐकलेल्या गोष्टीकडे येते. ‘कोर्ट मुलगी आईलाच देतं’ हे अर्धं खरं आहे, आणि तुमच्या बाबतीत तर तेवढंही नाही. हिंदू अज्ञानत्व (म्हणजे सज्ञान नसणं) व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या कलम ६ मध्ये म्हटलंय की पाच वर्षं पूर्ण न झालेलं मूल साधारणपणे आईजवळ राहील. तुमची मुलगी आठची आहे, म्हणजे ते वाक्य तिला लागू नाही. त्याच कलमात नैसर्गिक पालक म्हणून आधी वडील आणि त्यांच्यानंतर आई असंही लिहिलंय. मामा कदाचित हे तुम्हाला ठासून सांगतील. तेव्हा त्यांना १९९९ चा गीता हरिहरन प्रकरणातला निकालही आठवून द्या. त्यात सर्वोच्च न्यायालयानं ‘नंतर’ या शब्दाचा अर्थ केवळ ‘वडिलांच्या मृत्यूनंतर’ असा घेतला नाही. वडील हयात असले तरी काही परिस्थितीत आई पालक असू शकते, असं सांगितलं. आणि या सगळ्याच्या वर कलम १३ बसलंय: मुलाचं कल्याण सर्वोपरी. आई की बाप हा प्रश्न त्याच्या खाली येतो.

एक शब्दाची गोष्ट. आपण मराठीत सर्रास ‘ताबा’ म्हणतो. ताबा दुकानाचा असतो, भाडेकरूकडून घ्यायच्या खोलीचा असतो. आपल्याकडे मध्य प्रदेशात कोर्टाच्या हिंदी कागदांत ‘अभिरक्षा’ लिहितात. शब्द जड आहे खरा, पण त्यात रक्षा तरी आहे. मुलं ही आईबापांची मालमत्ता नव्हेत, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७३ मध्येच म्हणून ठेवलंय. तरी ‘आत्ता आपल्याकडे आहे तोवर ठेवून घ्यावी’ हे तुमचं वाक्य बघा. ते ताब्याचं वाक्य आहे.

मग कोर्ट ठरवतं कशावरून? १८९० चा पालक आणि पाल्य कायदा अजून चालू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये मुलाचं वय, लिंग, धर्म, पालक होऊ पाहणाऱ्याचा स्वभाव आणि कुवत, मुलाशी त्याचे आजवरचे संबंध अशा बाबी दिल्या आहेत. प्रत्यक्षात या सगळ्याचा एक साधा प्रश्न होतो, आणि मी माझ्या अशिलांना तो पहिल्याच दिवशी विचारत असे: मंगळवारी तिला कोण उठवतं? रविवार नको, वाढदिवस नको. कुठलाही एक बिनमहत्त्वाचा मंगळवार. उठवतं कोण, वेणी कोण घालतं, डब्यात काय असतं, रिक्षा चुकली तर कोण सोडतं, ताप आला तर रजा कोण काढतं? वर्गशिक्षिकेचं नाव काय? कुठलं औषध तिला चालत नाही? कोर्टाचे समुपदेशक अगदी असलेच प्रश्न विचारतात. तिथे ‘एक मिनिट, आईला फोन करून सांगतो’ म्हणणारे बरेच बाबा मी पाहिलेत. संध्याकाळी सहाला कामावरून येऊन बायकोनं मुलीचा अभ्यास घेतला म्हणजे ‘त्यात काय विशेष’ असं म्हणणारेही तेच.

आता तुमचा मंगळवार मांडून पाहा. महिन्यातले आठ-दहा दिवस तुम्ही घरात नसता. त्या दिवशी मुलगी सांभाळणार तुमची आई. आजीसारखं माणूस घरात असणं ही मोठी जमेची बाजू आहे आणि कोर्ट ती जमेलाच धरतं. पण ७२ वर्षांच्या आजीवर तिसरीतल्या मुलीची शाळा, क्लास, दुखणीखुपणी टाकणार असाल, तर प्रश्न असा येतो की मुलगी बापाला हवी आहे की आजीला. तिकडे आई नोकरीला जाते, संध्याकाळपर्यंत मुलगी पाळणाघरात असते, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. नोकरी करणारी आई म्हणून कोणी नापास होत नाही. नोकरी तर तुम्हीही करता. घर स्वतःचं आहे आणि पगार जास्त आहे, यावरही फार विसंबू नका. ज्याची मिळकत जास्त त्याच्याकडून मुलाचा खर्च घेऊन दुसऱ्या घरी देण्याची सोय कायद्यात आहेच. आपल्याकडे त्याला भरण-पोषण म्हणतात.

‘घर सोडून ती गेली, मी नाही.’ हे वाक्य तुम्हाला फार महत्त्वाचं वाटतंय, आणि दुखणं खरं आहे. घटस्फोटाच्या खटल्यात कदाचित त्याला जागाही मिळेल. पण नवरा म्हणून किंवा बायको म्हणून कोण चुकलं आणि आई-बाप म्हणून कोण कसं आहे, हे हिशेब कोर्ट वेगवेगळे ठेवतं. मुलगी हे बक्षीस नव्हे, आणि बायकोला द्यायची शिक्षाही नव्हे. पत्रातलं ते दीड पान मी तुमच्या जागी असते तर फाडून टाकलं असतं. (तुमची बायको तुमच्याबद्दल असंच दीड पान लिहू शकेल. तीही हे सदर वाचत असेल तर तिलाही हेच सांगणं.)

आता मामा. त्यांचा सल्ला अगदी हवेतला नाही. रुळलेल्या मुलाला उगाच हलवायला न्यायालयं खरंच तयार नसतात. स्थैर्य हा कल्याणाचाच भाग आहे. पण मग स्थैर्य आज कुठे आहे ते पाहा. दीड वर्षाची शाळा, मैत्रिणी, पाळणाघर, घराखालचा दवाखाना, सगळं भोपाळला आहे. इंदूरला तिचा एक महिना झालाय आणि तोही सुट्टीचा. ते स्थैर्य तुम्ही मोडायचं, आणि नवं ‘स्थैर्य’ तयार झालं म्हणून तेच दाखवायचं, हा डाव कोर्टानं पाहिलेला नाही असं मामांना वाटतं का? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच एक प्रकरण होतं. मुलगी अगदी लहान असल्यापासून वडिलांकडे वाढलेली, निकालाच्या वेळी आठेक वर्षांची झालेली. एका पालकाकडेच वाढताना दुसऱ्याविषयी मन कसं कलुषित होतं, याची न्यायालयानं दखल घेतली आणि मुलगी आईकडे सोपवायला सांगितली. म्हणजे ‘रुळली की संपलं’ हे काही खरं नाही.

शिवाय अर्ज कुठे करणार? १८९० च्या कायद्याचं कलम ९ म्हणतं, अज्ञान मूल सामान्यतः जिथे राहतं तिथल्या न्यायालयात. सुट्टीला आलेली मुलगी इंदूरला ‘सामान्यतः राहते’ हे सिद्ध करता करता पेशीवर पेशी, म्हणजे तारखेवर तारीख, लागेल. तिकडे आई अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या, आदेशासाठी धावेल, कदाचित उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसही (मुलीला कोर्टापुढे हजर करा, असा अर्ज) टाकेल. तो टिकेल न टिकेल, पण तुमच्या नावापुढे पहिला शेरा पडेल तो ‘सुट्टीला आणली आणि परत दिली नाही’ हा. त्यानंतर ती बाई पुढच्या सुट्टीत मुलगी पाठवेल का? मी तरी पाठवली नसती.

तुमच्या हातात आत्ता सगळ्यात भक्कम गोष्ट कुठली असेल तर ती परतीची तारीख. ठरल्या दिवशी मुलगी परत पोहोचवणारा बाप उद्या जास्त दिवस मागतो, तेव्हा त्याच्या मागणीला वजन असतं.

आणि तिचं ते वाक्य? ‘बाबा, मी इथेच राहते.’ ते खरं आहे, फक्त त्याचा अर्थ तुम्ही काढलात तोच आहे असं नाही. सुट्टी आहे, आंबे आहेत, आजी आहे, रात्री सराफा बाजारात भुट्ट्याचा (मक्याचा) कीस आणि गरम जिलबी आहे, गृहपाठ नाही. आठ वर्षांची मुलगी दुसरं काय म्हणेल? ती आईला फोनवर ‘मला तुझी आठवण येते, कधी येऊ’ असंही म्हणत असेल, आणि तेही तितकंच खरं. या वयाची मुलं ज्याच्यासमोर असतात त्याला बरं वाटेल ते बोलतात, कारण समोरच्याचे डोळे त्यांना आपल्यापेक्षा लवकर वाचता येतात. आजीच्या डोळ्यांतलं पाणी तिनंही पाहिलंय.

कायद्यात मुलाच्या इच्छेला जागा आहे. मूल समजून मत देण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ते विचारात घेऊ शकतं. त्यासाठी अमुकच वय असं ठरवलेलं नाही. बहुतेक वेळा न्यायाधीश मुलाला आपल्या दालनात एकटं बोलावतात आणि शाळेच्या, खेळाच्या गप्पा मारतात. पढवून आणलेलं मूल दोन मिनिटांत उघडं पडतं. एका मुलानं आपल्या बापाला म्हणे ‘प्रतिवादी’ म्हटलं होतं. हा किस्सा मी ऐकलेला, पाहिलेला नाही, पण खोटा वाटत नाही. तेव्हा तिच्याकडून ते वाक्य पुन्हा वदवून घेऊ नका, मोबाइलवर रेकॉर्ड तर मुळीच करू नका. ‘तुला कोणाकडे राहायचंय?’ हा प्रश्न तुमच्या घरात कोणी विचारायचा नाही, आजीनंही नाही, मामांनीही नाही.

मग करायचं काय? बायको सहमतीनं घटस्फोट घेऊ म्हणते आहे, तर माझ्या मते खरी संधी तिथे आहे, आणि बहुतेक लोक ती एका ओळीत वाया घालवतात. सहमतीच्या अर्जात नेहमीचं वाक्य असतं: ‘मुलगी आईकडे राहील, वडिलांना भेटण्याची मुभा राहील.’ सगळे सही करतात, हुश्श करतात. सहा महिन्यांनी कळतं की कधी, कुठे, किती वेळ, आणायचं कोणी, यातलं काहीच ठरलेलं नाही. मग एकेका भेटीसाठी अर्ज, आणि शेवटी कोर्टाच्या आवारात तासाभराची भेट: प्लॅस्टिकची खुर्ची, बिस्किटाचा पुडा, घड्याळाकडे पाहणारं मूल. तुम्हाला ते नको असेल तर त्या एका ओळीची दोन पानं करा.

सोपं नाही, पण तुमच्या बाबतीत शक्य आहे. इंदूर-भोपाळ म्हणजे देवास-आष्टा-सीहोरमार्गे तीन-साडेतीन तासांचा रस्ता. दुसरा आणि चौथा शनिवार-रविवार मागता येईल, पण माझं ऐकाल तर त्यातल्या एका वेळी तुम्हीच भोपाळला जा आणि तिथेच दोन दिवस राहा. दर पंधरवड्याला आठ वर्षांच्या पोरीनं बसमध्ये ओकत यावं, तेही आपल्या हक्कासाठी, हे बरं नव्हे. तिथे गेलात की तिच्या मैत्रिणी दिसतील, शाळा दिसेल. तिचा मंगळवार कळायची तीच वाट आहे. पालक-सभेला दोघांनी जायचं, प्रगतिपुस्तकाची प्रत दोघांना, मोठा औषधोपचार किंवा शाळाबदल दोघांना विचारून. व्हिडिओ कॉल आठवड्यातून दोन-तीन ठरलेल्या वेळी. ‘केव्हाही’ असं लिहू नका. केव्हाही म्हणजे कधीच नाही. एकत्र राहता येत नसेल तर निदान भेट आणि भेट नाही तर निदान कॉल, हा मुलाचाही हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या एका निकालात स्पष्ट केलंय.

सणांवरून सगळ्यात जास्त भांडणं होतात, म्हणून ते नावानिशी लिहा. दिवाळी एक वर्ष इथे, एक वर्ष तिथे. इंदूरची रंगपंचमीची गेर, ती रंगांची मिरवणूक, भोपाळला कुठून आणणार, तेव्हा रंगपंचमी तुमच्याकडे असू द्या, आणि बदल्यात दुसरं काही मोकळ्या हातानं सोडा. अनंत चतुर्दशीच्या झाक्या (मिरवणुकीतले देखावे) पाहायला तिला रात्री जागवायचं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या शाळेचं काय, हेही त्यातच. उन्हाळ्याची सुट्टी अर्धी-अर्धी. आणि खर्च: फी कोण भरणार, दरवर्षी किती वाढवणार. पैसे बँकेतून पाठवा, हातात नको.

कायद्यानं सहमतीच्या अर्जासाठी वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं, ते तुमचं झालंय. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. योग्य प्रकरणात न्यायालय ती मुदत माफ करू शकतं, पण तुम्ही घाई करू नका. ते सहा महिने ही दोन पानं जगून पाहायला वापरा. जमत नाही ते बदला, मग अंतिम सही. कुटुंब न्यायालयावर १९८४ च्या कायद्यानं समेटाचा प्रयत्न करण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि तिथे वकील असणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही, न्यायालयाची परवानगी लागते. म्हणजे तुम्हाला स्वतः बोलावं लागू शकतं. मध्यस्थी मागून घ्या. तिथलं बोलणं गोपनीय राहतं.

सहमती फिसकटलीच, तर घटस्फोटाच्या खटल्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली मुलीसाठी अर्ज करता येतो. तुमचा एकत्र संसार शेवटी इंदूरला होता, तेव्हा तो खटला इथे चालू शकेल. मुलांविषयीचा आदेश दगडावरची रेघ नसतो. परिस्थिती बदलली, तुमचे दौरे थांबले, मुलगी मोठी झाली, की बदल मागता येतो. पण अंतरिम म्हणून दिलेला आदेशच वर्षानुवर्षं चालत राहतो हेही तितकंच खरं, म्हणून पहिला आदेश ‘तात्पुरता तर आहे’ म्हणून कसाही होऊ देऊ नका.

तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठी दोन शब्द. पत्रात मारहाण नाही म्हणून मी हे एवढं समजुतीचं लिहिलंय. जिथे हिंसा आहे, मुलाच्या अंगाला धोका आहे, तिथे हा सल्ला लावू नका. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली तातडीनं मुलाविषयीचा आदेश मागता येतो, आणि भेटीनं मुलाला इजा होईल असं वाटलं तर दंडाधिकारी भेट नाकारूही शकतात. आणि ‘पैसे देत नाही म्हणून भेटू देत नाही’ म्हणणाऱ्या आया, ‘भेटू देत नाही म्हणून पैसे देत नाही’ म्हणणारे बाबा, दोघांनाही: या दोन गोष्टी एकमेकींना बांधू नका. फी थकली की वर्गात उभं राहावं लागतं ते मुलाला.

तुमच्या आईंशी मात्र तुम्हालाच बोलावं लागेल. नात जाणार म्हणून त्या रडणारच. निघताना दारात रडायचं नाही, आदल्या रात्री माझ्याजवळ रड, एवढं सांगा.

आणि शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी नको, दोन दिवस आधी निघा. ड्रायव्हरबरोबर पाठवू नका, स्वतः न्या. बायकोला आजच एक निरोप टाका. मी मसुदा देते, हवा तर बदला: ‘शनिवारी दुपारी चारपर्यंत तिला घेऊन पोहोचतो. सुट्टीचा अभ्यास झालाय, हिंदीचे दोन धडे राहिलेत. सहमतीच्या कागदांआधी तिच्या वेळापत्रकाबद्दल नीट बसून बोलू. जुलैच्या दुसऱ्या शनिवारी मी भोपाळला आलो तर चालेल का?’

उत्तर लगेच आलं नाही तर दुसरा निरोप टाकू नका. त्या वेळात हिंदीचे ते दोन धडे उरकून घ्या.